आधी बाळाच्या पायाचा अंगठा पाहा

एफओपी या आजाराची पहिली खूण जन्माच्या दिवशीच दिसते, तीही उघड्या डोळ्यांना. बाळाच्या दोन्ही पायांचे अंगठे आखूड असतात, बाकीच्या बोटांकडे वळलेले असतात आणि पुष्कळदा त्यांतला सांधाच नीट तयार झालेला नसतो. एरवी बाळ ठणठणीत असते. वजन चांगले, रडणे खणखणीत, दूध पिण्याची तक्रार नाही. त्यामुळे अंगठ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि गेलेच तर ‘मोठेपणी होईल सरळ’ म्हणून विषय संपतो. मग तीन, पाच किंवा सात वर्षांनी त्याच मुलाच्या मानेवर वा पाठीवर एक गाठ येते. ती दुखते, गरम लागते, काही दिवसांत आकार आणि जागा बदलते. तिथून दवाखान्यांच्या ज्या फेऱ्या सुरू होतात, त्यांत अनेकदा मुलाचे आयुष्यभराचे नुकसान होऊन बसते. हे नुकसान आजारापेक्षा उपचारांनी केलेले असते आणि म्हणूनच ते टाळता येण्याजोगे आहे. महाराष्ट्राच्या आरोग्यसेवेने ते टाळण्याची तजवीज आता करावी, हा या लेखाचा आग्रह आहे.

फायब्रोडिस्प्लेझिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा हे या आजाराचे पूर्ण नाव. त्यात स्नायू, कंडरा आणि अस्थिबंध यांच्या जागी हाड तयार होते. चुन्याचा थर साचावा तसला हा प्रकार नाही. आधी सूज, मग कूर्चा, मग त्या कूर्चेचे हाड, अशा गर्भात सांगाडा घडतो त्याच पायऱ्यांनी हे अस्सल हाड बनते आणि त्याच्या आत मज्जाही असते. सुरुवात बहुधा मान, खांदे आणि पाठ यांच्यापासून होते. पुढे कंबर, गुडघे, जबडा. हृदय, श्वासपटल, जीभ आणि डोळे हलवणारे स्नायू मात्र सुटतात. बुद्धीला काहीही होत नाही. मूल शाळेत हुशार असते, आणि वर्षागणिक त्याचा एकेक सांधा कायमचा बंद होत जातो. बरगड्यांभोवती हाड साचल्याने छाती नीट फुलत नाही, आणि बहुतेकांचा जीव पुढे श्वासाच्या किंवा हृदयाच्या त्रासानेच जातो.

या सगळ्याच्या मुळाशी पेशीच्या पृष्ठभागावरचे एकच प्रथिन आहे. ते रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप झेलणारे प्रथिन आहे; त्याचे नाव एसीव्हीआर१. संशोधकांच्या बोलण्यात एएलके२ हे नावही येते. ५०९ अमिनो आम्लांची ही साखळी पेशीच्या आवरणातून आरपार गेलेली असते. एक टोक बाहेर, दुसरे आत. बाहेरून बीएमपी गटातला, म्हणजे हाड घडवण्याचा निरोप आणणारा, रेणू येऊन बिलगला की एका जोडीदार रिसेप्टरच्या मदतीने आतले टोक जागे होते. ते स्मॅड नावाच्या प्रथिनांना फॉस्फेट जोडते, ती प्रथिने केंद्रकात शिरतात आणि कूर्चा व हाड घडवणारी जनुके चालू करतात. गर्भातले बोटांचे सांधे असोत की मोडलेल्या हाताचे जुळून येणे, शरीर हाच मार्ग वापरते. पण निरोप आलेला नसताना रिसेप्टरने गप्प राहणे तितकेच महत्त्वाचे. त्यासाठी एफकेबीपी१२ हे छोटे प्रथिन त्याच्या आतल्या भागाला, दाराला कडी घालावी तसे, चिकटून बसते. एफओपीत ही कडी ढिली पडलेली असते.

हाडाचा निरोप रेणूंच्या रूपात असतो, हे कळायलाच विसावे शतक अर्धे सरले. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात मार्शल युरिस्ट यांनी हाडातले खनिज काढून टाकले, उरलेला तुकडा प्राण्यांच्या स्नायूत ठेवला आणि तिथे नवे हाड उगवलेले पाहिले. त्या तुकड्यात काहीतरी होते. ते वेगळे काढण्याच्या कामात दिल्ली विद्यापीठातून पीएचडी करून अमेरिकेत गेलेले ए. हरी रेड्डी आणि त्यांचे सहकारी टी. कुबेर संपत यांचा मोठा वाटा आहे. १९८१ मधल्या त्यांच्या शोधनिबंधाने हाडातली ही शक्ती विरघळवून वेगळी करता येते आणि पुन्हा जागवताही येते, हे दाखवले. १९८८ मध्ये बीएमपीची जनुके हाती लागली. आज मणक्याच्या काही शस्त्रक्रियांत बीएमपी औषध म्हणून वापरले जाते. या साखळीत भारतीय नावे इतक्या सुरुवातीला आहेत, याची आठवण आपल्याकडे फार कमी वेळा काढली जाते.

एफओपीचे जनुक २००६ मध्ये सापडले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले फ्रेडरिक कॅप्लान आणि आयलीन शोर यांनी त्यासाठी दीड दशक घालवले. अडचण सरळ होती. जनुक शोधायला पिढ्यान्‌पिढ्या आजार असलेली कुटुंबे लागतात आणि एफओपीच्या फार थोड्या रुग्णांना मुले होतात. जगभरातून अशी मोजकीच कुटुंबे मिळाली. उत्तर मिळाले तेव्हा मात्र थक्क करणारे होते: नेहमीच्या स्वरूपाचा आजार असलेल्या जवळपास प्रत्येकात एकच अक्षर बदललेले. तीन अब्ज अक्षरांच्या जनुकसंचात ‘जी’च्या जागी ‘ए’, आणि त्यामुळे एसीव्हीआर१च्या साखळीत २०६व्या ठिकाणी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन. कोणत्याही देशातला रुग्ण असो, चूक तीच.

नऊ वर्षांनी आणखी एक धागा सापडला. अॅक्टिव्हिन ए हा दाहाच्या वेळी वाढणारा रेणू. निरोगी माणसात तो एसीव्हीआर१ला चिकटतो, पण हाड घडवण्याची आज्ञा देत नाही, उलट तिला आडवा येतो. बदललेला रिसेप्टर मात्र त्यालाच हाड घडवण्याची आज्ञा समजतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या रीजेनेरॉन कंपनीच्या आणि जपानमधल्या संशोधकांनी हे स्वतंत्रपणे दाखवले. त्यातून रुग्णांना पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या अनुभवाचा अर्थ लागला. पडले, मार लागला, फ्लू झाला, सुई टोचली, चाकू लागला की तिथे दाह होतो आणि दाहाच्या मागोमाग हाड येते. कापून काढलेल्या हाडाच्या जागी पुन्हा हाड येते, पहिल्यापेक्षा जास्त.

इथे हा विषय प्रयोगशाळेतून दवाखान्याच्या टेबलावर येतो. २००५ मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २५ देशांतल्या १३८ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. ८७ टक्क्यांचे पहिले निदान चुकले होते. सर्वांत जास्त वेळा झालेली चूक म्हणजे कर्करोग. लक्षणे दिसल्यापासून खरे निदान होईपर्यंत सरासरी ४.१ वर्षे गेली. ६७ टक्क्यांची बायोप्सी झाली होती, जिची गरजच नव्हती. आणि ४९ टक्के रुग्णांनी सांगितले की अशा चाकू-सुईच्या उपायांमुळे त्यांची हालचाल कायमची गेली. हे आकडे वाचून कोणाही डॉक्टरचा हात थबकायला हवा. यांतले बहुतेक डॉक्टर निष्काळजी नव्हते. मुलाच्या मानेवर झपाट्याने वाढणारी गाठ दिसली तर तुकडा काढून तपासणे हेच तर शिकवलेले असते. सूक्ष्मदर्शकाखाली तो तुकडा आक्रमक गाठीसारखा दिसू शकतो, त्यामुळे चूक अधिक घट्ट होते. कमी पडली ती एकच गोष्ट: गाठ पाहणाऱ्याने त्या मुलाचे मोजे काढून पाय पाहिले नाहीत.

एफओपी म्हणजे काय, हे फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात डोळ्यांनी पाहता येते. हॅरी ईस्टलॅक यांचा सांगाडा तिथे आहे. त्यांचा जन्म १९३३चा. लहानपणी खेळताना पाय मोडला, तो नीट जुळला नाही, आणि मग एकामागून एक सांधे बंद होत गेले. १९७३ मध्ये, चाळिसावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर असताना ते गेले, तेव्हा त्यांना ओठांखेरीज जवळजवळ काहीच हलवता येत नव्हते. आपला सांगाडा संशोधनासाठी ठेवावा, ही त्यांचीच इच्छा. एरवी सांगाडा उभा करायला हाडे तारांनी बांधावी लागतात. हॅरी यांची हाडे आजाराने आधीच एकमेकांना बांधून टाकली होती, त्यामुळे तिथे तारांचे काम फारसे उरले नाही. कॅरल ऑर्झेल या रुग्णाने तो सांगाडा पाहिला आणि आपलाही त्याच्या शेजारी ठेवावा, मात्र सोबत आपले दागिने मांडावेत, असे सांगून ठेवले. २०१८ मध्ये त्या वारल्या. २०१९ पासून दोघे शेजारी आहेत, आणि कॅरल यांचे दागिनेही. त्या दोन माणसांनी आपली शरीरे देऊन पुढच्या मुलांसाठी जे शिकवले, ते वर्गात न येता राहिले तर तो त्यांच्यावर अन्याय होईल.

आता महाराष्ट्राकडे. हा आजार साधारण दहा ते वीस लाखांत एकाला होतो आणि वंश, प्रदेश, जात असा भेद करत नाही. २०११च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. त्या हिशेबाने पन्नास ते शंभराच्या आसपास माणसे आपल्या राज्यात या आजारासह जगत असणार. देशाचा हिशेब शेकड्यांत जातो, कदाचित हजाराच्या घरात. यांतली किती मुले आज ‘गाठीचा पेशंट’ म्हणून कुठल्या तालुक्याच्या गावातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून मुंबई-पुण्याला पाठवली जात असतील, याचा विचार केला तरी मन अस्वस्थ होते.

बाळाकडे पाहण्याची यंत्रणा मात्र आपल्याकडे नव्याने उभारायची नाही. बाळाच्या घरी जाऊन त्याची तपासणी करायची ही कल्पना गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने सिद्ध केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि पुढे तेच काम देशभरातल्या आशाताईंच्या हाती आले. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातही २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्यात जन्मजात व्यंगांची यादी आहे आणि त्या यादीत वाकडे पाऊल आहे. म्हणजे बाळाचे पाय पाहायचे, हे आधीच ठरलेले आहे. नजर घोट्यावर थांबते ती दोन बोटे पुढे, अंगठ्यापर्यंत गेली पाहिजे. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत दोन छायाचित्रे आणि एक ओळ, एवढीच ही मागणी आहे.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो क्षुल्लक नाही. आशाताईंच्या खांद्यावर आधीच डोंगर आहे. रजिस्टरे, अॅप, सर्वेक्षणे, मोहिमा, आणि मानधनासाठी पुन्हा पुन्हा आंदोलन. लाखांत एखाद्या मुलासाठी त्यांच्यावर आणखी एक काम लादायचे का? लादू नये. वेगळा रकाना, वेगळा अहवाल, वेगळे उद्दिष्ट यांतले काहीही नको. दोन्ही अंगठे जन्मापासून आखूड आणि वळलेले दिसले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, एवढेच. वाकडा अंगठा दिसलेल्या प्रत्येक बाळाला हा आजार असणार नाही. काहींमध्ये कारण साधे असेल. म्हणून आईबापांना घाबरवायचे नाही. निदान करण्याचे काम डॉक्टरांचे आहे. शंका पक्की असेल तर थोडे रक्त घेऊन एसीव्हीआर१ची तपासणी होते, आणि उत्तर हो किंवा नाही असे स्पष्ट मिळते. बायोप्सी लागत नाही.

घाई कशासाठी, तर सहाव्या आठवड्यासाठी. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना बाळाच्या मांडीच्या स्नायूत पेंटाव्हॅलंट लस टोचली जाते. कोट्यवधी मुलांचे प्राण या लशीने वाचवले आहेत आणि ती प्रत्येक बाळाला मिळालीच पाहिजे. एफओपी असलेल्या मुलात मात्र स्नायूतली सुई हीच दुखापत ठरू शकते. अशा मुलांमध्ये डीपीटीच्या टोचणीच्या जागी कायमचे हाड तयार झाल्याची नोंद १९९५ मध्येच वैद्यकीय साहित्यात आलेली आहे. अशा बाळासाठी कोणती लस त्वचेखाली देता येईल, कोणती केव्हा द्यावी, हे तज्ज्ञ ठरवतात. शेजारच्या गावात ऐकून कोणी आपल्या निरोगी बाळाची लस चुकवणे हे त्या बाळाच्या जिवाशी खेळणे होय. हे दोन्ही मुद्दे एकत्र सांगता येतात, आणि आरोग्य कर्मचारी ते सांगू शकतात.

डॉक्टरांइतकेच घरच्यांनाही काही सांगायला हवे. गाठ आली की ती जिरावी म्हणून चोळणे, सांधा आखडला की तो ओढून मोकळा करून घेणे, हाडवैद्याकडे नेणे, हे आपल्याकडे सर्रास चालते, आणि त्यामागे माया असते. या आजारात ती ओढाताण नवे हाड घडवते. जोर लावून केलेली फिजिओथेरपीसुद्धा. दाताच्या डॉक्टरने जबड्याच्या मागच्या बाजूला दिलेले भुलीचे इंजेक्शन तोंड कायमचे मिटवू शकते.

आणखी एक ओझे आईवर येते. बाळात काही वेगळे दिसले की गरोदरपणी ग्रहण पाळले नसेल, काही चिरले असेल, असे बोल तिला ऐकावे लागतात. एफओपीच्या बहुतेक रुग्णांत आई आणि बाप दोघांचीही जनुके निर्दोष असतात. ते एक अक्षर शुक्रपेशीत किंवा बीजांडात नव्याने बदललेले असते. कोणी काय खाल्ले, काय चिरले, कुठे बसले याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. निदान सांगणाऱ्या डॉक्टरने हे वाक्य सासू-सासऱ्यांसमोर उच्चारावे. त्याने त्या आईचे पुढचे आयुष्य बदलू शकते.

इतक्या थोड्यांसाठी इतका खटाटोप कशाला, असे म्हणणाऱ्यांनी २०१४ सालची एक घटना लक्षात घ्यावी. मेंदूच्या मुळाशी होणारा डीआयपीजी हा लहान मुलांचा अत्यंत घातक कर्करोग. त्याच्या गाठींचे जनुक वाचले गेले तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्याच्या गाठींत हेच एसीव्हीआर१ बदललेले आढळले. त्या मुलांना एफओपी नव्हता; चूक फक्त गाठीतल्या पेशींत होती. पण एफओपीसाठी या रिसेप्टरला शांत करणारे जे रेणू शोधले जात होते, ते आता कर्करोगाच्या संशोधकांनाही हवे झाले.

औषधांच्या आघाडीवर चित्र संमिश्र आहे. पॅलोव्हॅरोटिन या गोळीला कॅनडाने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने ऑगस्ट २०२३ मध्ये मान्यता दिली. युरोपने ती नाकारली. मुलांच्या हाडांची वाढ वेळेआधी थांबण्याचा धोका असल्याने अमेरिकेत ती आठ वर्षांखालच्या मुलींना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. अॅक्टिव्हिन एला अडवणाऱ्या गॅरेटोस्मॅबच्या चाचणीत काही रुग्णांचे मृत्यू झाल्याने २०२० मध्ये डोस थांबवावे लागले. नंतर अधिक दक्षतेने नवी चाचणी सुरू झाली. या औषधांचा उद्देश नवे हाड येऊ न देणे हा आहे. बनलेले हाड ती विरघळवत नाहीत. दोन वर्षांच्या वयात निदान झालेल्या मुलाला उद्याच्या औषधाचा जितका उपयोग होईल, तितका विशीत निदान झालेल्याला होणार नाही.

पैशाचा प्रश्न त्याहून कठीण आहे. केंद्राचे दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये आले आणि मदतीची मर्यादा पुढे ५० लाख रुपयांवर गेली. मुंबईचे केईएम रुग्णालय त्या धोरणातल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. पॅलोव्हॅरोटिनसारख्या औषधाचा एका वर्षाचा खर्च कोटींच्या घरात जातो, त्यापुढे ही मर्यादा तोकडीच. यावर सरकारशी भांडावे लागेल, आणि ते भांडण लांब चालेल. अंगठा पाहायला मात्र त्या भांडणाचा निकाल लागण्याची वाट बघण्याचे कारण नाही.

निदान झालेल्या मुलाच्या हाती एक कार्ड असावे, मराठीत आणि इंग्रजीत. स्नायूत इंजेक्शन नको. बायोप्सी नको. तयार झालेले हाड कापू नका. रक्त काढणे आणि त्वचेखालची सुई चालते. दाताचे काम तज्ज्ञाला विचारून. मोठ्या सांध्याला किंवा जबड्याला नवी सूज आली तर पहिल्या चोवीस तासांत स्टेरॉइडच्या छोट्या कोर्सबद्दल विचारा. खाली केईएमच्या विभागाचा दूरध्वनी. ते कार्ड मुलाच्या दप्तरात, शाळेच्या कार्यालयात आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात असले पाहिजे, कारण मूल पडते ते मुंबईत नाही, शाळेच्या मैदानावर, आणि त्याला पहिल्यांदा पाहणारा डॉक्टर तालुक्याचा असतो.